हिरकणी : कडा उतरणारी आई आणि तिच्या स्नायूंमधल्या गाठी



रायगडाला सहल नेली असेल, तर रोपवेचं खालचं स्थानक तुम्ही पाहिलंच असणार. ते गाव हिरकणीवाडी. जिचं नाव या वाडीला, गडावरच्या बुरुजाला, एस.टी.च्या गाडीला आणि बसस्थानकातल्या स्तनपान कक्षाला मिळालं, तिचं चरित्र मात्र दहा ओळींत संपतं. ते लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आलंय. वर्गात हेही मुलांना सांगावं, त्यानं गोष्ट लहान होत नाही.

हिरकणी गवळीण होती. गडाच्या पायथ्याशी राहायची आणि दूध विकायला वर जायची. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. राजधानीचा गड म्हटल्यावर दुधाला गिऱ्हाईकही भरपूर. एका कोजागिरीला तिला दूध विकता विकता उशीर झाला आणि शिरस्त्याप्रमाणे संध्याकाळी दरवाजे बंद झाले. तिनं खूप विनवण्या केल्या, पण पहारेकऱ्यांनी दार उघडलं नाही. घरी तान्हं बाळ भुकेलं होतं. मग तिनं कड्याची बाजू धरली आणि रात्रीच खाली उतरली. काट्यांनी, दगडांनी अंग सोलवटलं, पण ती बाळापाशी पोचली. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी साडीचोळी देऊन तिचा मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला, असं सांगतात. पुढे तिचं आणि बाळाचं काय झालं, ते गोष्ट सांगत नाही.

यावर एखादं चुणचुणीत मूल विचारतंच, चढण्यापेक्षा उतरणं सोपं ना, मग एवढं कौतुक कशाला? हा प्रश्न सोडू नका. इथूनच विज्ञानाचा तास सुरू होतो.

उतरताना दम कमी लागतो हे खरं, पण स्नायूला इजा जास्त होते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत आखडतो. उतरताना तो जोर लावत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जातो, उतारावर ब्रेक दाबून धरल्यासारखा. म्हणून तर गड पाहून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात.

स्नायूपेशीत ॲक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड तंतू असतात, ते एकमेकांवरून सरकले की स्नायू आखडतो. शाळेत आपण साधारण इथवरच शिकवतो. पण लग्नाचा मांडव आठवा. बांबू कितीही मजबूत असले तरी गाठी सुटल्या की वाऱ्यात मांडव बसतो. पेशीतही अशा गाठी आहेत. त्यांना आपण जोडप्रथिनं म्हणू. अल्फा-ॲक्टिनिन ॲक्टिनच्या तंतूंची टोकं एका पट्टीत बांधून ठेवतं. टायटिन हे आपल्या शरीरातलं सगळ्यात मोठं प्रथिन, ते मायोसिनला स्प्रिंगसारखं मधोमध धरतं. शेजारशेजारच्या तंतूंच्या जुड्या डेस्मिनच्या दोऱ्यांनी बांधलेल्या असतात. प्लेक्टिन त्या दोऱ्या पेशीतल्या इतर भागांना अडकवतं, त्यामुळे केंद्रकं आणि ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिका ताणातही आपापल्या जागी राहतात. आणि डिस्ट्रोफिन आतल्या ॲक्टिनला पेशीच्या पातळ पटलाशी आणि तिथून बाहेरच्या आधाराशी जोडतं. त्यामुळे ओढ एकट्या पटलावर येत नाही.

त्या रात्री हिरकणीच्या प्रत्येक पावलाला हा ताण या गाठींवर येत होता. रोजच्या चढउतारानं तिच्या मांड्या सरावलेल्या असणार, कारण असा ताण वरचेवर झाला की स्नायू पुढच्या वेळी कमी दुखावतो. सराव नसलेला माणूस त्या कड्यावर कितपत टिकला असता, शंकाच आहे.

आता यातली एकच गाठ नसेल तर? फ्रान्सच्या ड्युशेन या डॉक्टरांनी १८६० च्या दशकात अशा मुलांचं सविस्तर वर्णन केलं. आजाराला त्यांचंच नाव मिळालं. पण उणीव डिस्ट्रोफिनची आहे, हे कळायला १९८७ उजाडलं. हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो. पटल फाटत राहतं, पेशी मरतात, त्यांच्या जागी चरबी आणि चिवट ऊती येतात.

म्हणून बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या बाईंनी लक्ष ठेवावं. मूल सारखं पडतं, जिना चढताना कठड्याला लटकतं, पोटऱ्या फुगीर दिसतात, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं. अशा मुलाला आपण आळशी ठरवतो आणि वर उठाबशा काढायला लावतो! उठाबशीत खाली बसतानाचा ताण नेमका उतरणीसारखाच असतो, म्हणजे शिक्षेनं त्याचं नुकसानच. पालकांना बोलावून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. रक्तातल्या सीपीके या तपासणीनं पहिला अंदाज येतो, जनुकीय चाचणीनं खात्री होते. आजार पूर्ण बरा होत नाही. पण स्टेरॉइडची औषधं आणि योग्य व्यायाम मिळाला तर चालण्याची काही वर्षं वाढू शकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत हा आजार आहे, तेव्हा प्रमाणपत्राचीही चौकशी करा. वर्ग तळमजल्यावर घ्या. आणि रायगडाच्या सहलीत त्याला वगळू नका, रोपवे आहेच.

एक गोष्ट घरच्यांना सांगायला हवी. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे गावात बोट लगेच आईकडे जातं. पण साधारण एक तृतीयांश मुलांत तो बदल नव्यानेच झालेला असतो, आईच्या रक्तपेशींत सापडतही नाही. आणि जिच्यात सापडतो, तिलाही बहुधा त्याची कल्पना नसते. पुढच्या बाळाचा विचार असेल, तर त्याआधी आईची तपासणी आणि जनुकीय सल्ला घ्यावा.