ह्योझो ओमोरी

ह्योझो ओमोरी (जन्म: १८७६, ओकायामा प्रांत, जपान, मृत्यू: जानेवारी १९१३, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे जपानी शारीरिक शिक्षणतज्ज्ञ होते. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन खेळ त्यांनी १९०८मध्ये जपानमध्ये आणले. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जपानने प्रथमच भाग घेतला, तेव्हा त्या पथकाचे व्यवस्थापक व प्रशिक्षकही तेच होते. ओमोरी हे त्यांचे आडनाव असून जपानी रीतीप्रमाणे ते आधी लिहिले जाते.

आजच्या जपानमध्ये बास्केटबॉलचे व्यावसायिक संघ आहेत आणि त्यांचे सामने पाहण्यासाठी मोठमोठी क्रीडागृहे भरतात. या खेळाचा जपानमधील इतिहास ओमोरींपासून सांगितला जातो. प्रत्यक्षात मायदेशी परतल्यावर काम करायला त्यांना जेमतेम चार वर्षे मिळाली.

शिक्षण

विसाव्या शतकाच्या आरंभी ओमोरी शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. प्रथम ते स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. पुढे त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या, म्हणजे तरुण ख्रिस्ती संघटनेच्या, आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण विद्यालयात प्रवेश घेतला. व्यायाम आणि खेळ हा शिक्षणाचाच भाग मानून त्याचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देणारी ही संस्था होती.

याच विद्यालयात डिसेंबर १८९१मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचा शोध लावला होता. हिवाळ्यात बर्फामुळे मैदाने बंद पडत, तेव्हा विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे आणि धसमुसळेपणा टळावा, हा त्यामागील हेतू होता. भिंतीवर उंच टांगलेल्या पीचच्या टोपल्या आणि तेरा नियम एवढ्यावर खेळ सुरू झाला. त्या पहिल्या सामन्यातील अठरा खेळाडूंमध्ये गेनझाबुरो इशिकावा हा जपानी विद्यार्थीही होता; मात्र हा खेळ जपानमध्ये रुजविण्याचे काम त्याच्या हातून झाले नाही. ओमोरी हे नेस्मिथ यांचे शिष्य होते असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु नेस्मिथ यांनी १८९५मध्येच स्प्रिंगफील्ड सोडले होते. ओमोरी तेथे पोहोचले तोवर बास्केटबॉल हा त्या विद्यालयाच्या नित्य शिक्षणक्रमातला विषय होऊन गेला होता. व्हॉलीबॉलचा जन्मही १८९५ साली जवळच्याच होल्योक गावी, याच संघटनेच्या व्यायामशाळेत झाला. हे दोन्ही खेळ ओमोरींनी त्यांच्या मूळ घरी शिकून घेतले, असे म्हणता येईल.

विवाह

अमेरिकेतील वास्तव्यात त्यांची ओळख ॲनी शेप्ली या चित्रकर्तीशी झाली. सुटीच्या दिवसांत ओमोरी त्यांच्या घरी कामाला होते. ॲनी त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या होत्या. १९०७मध्ये दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षी अमेरिकेत संमत झालेल्या कायद्यानुसार परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व संपुष्टात येई. वय, वंश आणि कायदा या तिन्ही गोष्टी विरुद्ध असताना केलेला हा विवाह होता. ॲनी पतीबरोबर जपानला आल्या आणि तेथे आनिको या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

जपानमधील कार्य

१९०८मध्ये परतल्यावर ओमोरींनी टोकियो वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण विभागाची सूत्रे हाती घेतली आणि तेथील तरुणांना बास्केटबॉल व व्हॉलीबॉल शिकविण्यास आरंभ केला. चेंडू टोपलीत टाकण्याचा खेळ जपानला तोवर सर्वस्वी अपरिचित होता, असे नाही. शिक्षणतज्ज्ञ जिंझो नारुसे यांनी १८९०च्या दशकातच त्याचे एक सौम्य रूप मुलींच्या शाळेत सुरू केले होते. तो विद्यार्थिनींना झेपेल असा बदललेला खेळ होता. ठरलेल्या नियमांनिशी खेळला जाणारा बास्केटबॉल ओमोरींनी आणला, म्हणून आद्यत्वाचा मान त्यांच्याकडे जातो.

त्या काळच्या जपानी शाळांत शारीरिक शिक्षण म्हणजे प्रामुख्याने कवायत आणि साचेबद्ध व्यायामप्रकार असे. विद्यार्थ्यांमध्ये बेसबॉल लोकप्रिय होता, तरी खेळ हे शिक्षणाचे साधन आहे ही कल्पना सर्वमान्य नव्हती. शिवाय बास्केटबॉल हा मुळात छपराखालचा खेळ. टोकियो वायएमसीएचे बंदिस्त क्रीडागृह १९१७मध्ये उभे राहिले, ते पाहण्यास ओमोरी हयात नव्हते. त्यांच्या हयातीत हा खेळ थोड्या मंडळींपुरताच राहिला, यात नवल नाही.

१९११मध्ये ओमोरी दांपत्याने टोकियोत यूरिन-एन ही समाजसेवी संस्था काढली. शेजाऱ्यांचा सहवास असलेली बाग, असा या नावाचा अर्थ सांगता येईल. गरीब वस्तीतील मुलांना खेळायला जागा आणि शिकायला आधार मिळावा, हा तिचा उद्देश होता. खेळ हा केवळ महाविद्यालयीन तरुणांचा विरंगुळा नव्हे, ही ओमोरींची धारणा बास्केटबॉलपेक्षाही या संस्थेत अधिक स्पष्टपणे दिसते.

स्टॉकहोम ऑलिंपिक

जूदोचे प्रवर्तक जिगोरो कानो १९०९मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले. ऑलिंपिकसाठी खेळाडू पाठवायचे तर देशात एक क्रीडासंस्था हवी, म्हणून १९११मध्ये जपान हौशी क्रीडा संघटना स्थापन झाली. कानो तिचे अध्यक्ष होते. मिचिआकी नागाई आणि इसोओ आबे यांच्यासह ओमोरींकडे कारभाराची जबाबदारी आली. पाश्चात्त्य मैदानी खेळांचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला जाणकार म्हणून त्यांना या मंडळींत विशेष महत्त्व होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हानेदा येथे निवड-स्पर्धा झाल्या. त्यांतून धावपटू याहिको मिशिमा आणि मॅरेथॉनसाठी शिझो कानाकुरी असे दोघेच निवडले गेले. मे १९१२मध्ये ओमोरी दांपत्य या दोघांना घेऊन टोकियोहून निघाले. त्सुरुगा बंदरातून बोटीने व्लादिवोस्तोक आणि तेथून सैबेरियाच्या रेल्वेने युरोप, असा सुमारे अडीच आठवड्यांचा हा प्रवास होता.

ओमोरींना त्या वेळी क्षयरोगाने ग्रासले होते. या रोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. प्रवासात प्रकृती अधिकच ढासळली आणि स्टॉकहोमला पोहोचल्यावर त्यांचा बराच काळ अंथरुणावर गेला. प्रशिक्षक आजारी, सरावाला जोडीदार नाही, अन्न अनोळखी आणि उन्हाळ्यात रात्रीही न मावळणारा उजेड, अशा स्थितीत दोन्ही खेळाडूंना बहुतेक तयारी आपली आपणच करावी लागली. ॲनींना एकीकडे पतीची शुश्रूषा आणि दुसरीकडे पथकाची व्यवस्था पाहावी लागली.

६ जुलै १९१२ रोजी उद्घाटनाच्या संचलनात जपानचे इवलेसे पथक चालले. निकाल निराशाजनक होते. मिशिमा १०० व २०० मीटर शर्यतींत मागे पडले. ४०० मीटरमध्ये पुढच्या फेरीत जाऊनही थकव्यामुळे त्यांनी माघार घेतली. १४ जुलैची मॅरेथॉन कडक उन्हात झाली. धावणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती अर्ध्यावर सोडली आणि पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो उष्माघाताने दुसऱ्या दिवशी मरण पावला. कानाकुरीही वाटेत कोसळले. एका स्वीडिश कुटुंबाने त्यांची काळजी घेतली.

या अपयशाचे खापर प्रशिक्षकावर फोडणे सोपे आहे. ओमोरींच्या आजारपणामुळे खेळाडूंची आबाळ झाली, हे नाकारता येत नाही. परंतु त्या पथकाजवळ दुसरा प्रशिक्षक नव्हता, आणि इंग्रजीत व्यवहार करून परक्या देशात दोघांना मैदानापर्यंत नेणारे हेच दांपत्य होते. खुद्द कानाकुरी या अनुभवाने खचले नाहीत. त्यांनी पुढे लांब पल्ल्याच्या धावण्याचा जपानभर प्रसार केला. १९२०मध्ये सुरू झालेल्या हाकोने एकिदेन या सांघिक शर्यतीच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा आहे.

मृत्यू आणि नंतर

ऑलिंपिक संपल्यावर ओमोरी मायदेशी परतू शकले नाहीत. पती-पत्नी अमेरिकेस गेले आणि जानेवारी १९१३मध्ये कॅलिफोर्नियात ओमोरींचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३६ वर्षांचे होते.

त्याच वर्षी वायएमसीएचे अमेरिकन प्रशिक्षक फ्रँकलिन ब्राउन जपानला आले. ओमोरींनी सुरू केलेल्या दोन्ही खेळांचा देशभर प्रसार मुख्यतः त्यांच्या प्रयत्नांनी झाला. १९१७मध्ये टोकियोत भरलेल्या सुदूर पूर्व क्रीडास्पर्धेत क्योतो वायएमसीएच्या संघाने बास्केटबॉलमध्ये जपानचे प्रतिनिधित्व केले. १९३०मध्ये या खेळाची राष्ट्रीय संघटना निघाली आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, जेथे बास्केटबॉल प्रथमच अधिकृतपणे खेळला गेला, जपानचा संघ उतरला. पुढे दीर्घकाळ हा खेळ महाविद्यालये आणि कंपन्यांचे संघ यांच्या आधाराने टिकला. व्यावसायिक लीग २००५मध्ये सुरू झाली. परंतु दोन स्वतंत्र लीग आणि त्यांच्यातील वाद यांमुळे २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने जपानला निलंबित केले. त्यानंतर दोन्ही एकत्र होऊन बी. लीग स्थापन झाली. तिचा पहिला सामना २२ सप्टेंबर २०१६ रोजी टोकियोतील योयोगी राष्ट्रीय क्रीडागृहात आल्वार्क टोकियो आणि र्‍युक्यु गोल्डन किंग्ज या संघांत झाला व तो आल्वार्कने जिंकला.

ॲनी ओमोरी पतीच्या मृत्यूनंतर जपानला परतल्या आणि यूरिन-एनचे काम त्यांनी पुढे चालविले. कोची दोई यांच्यासह त्यांनी प्राचीन जपानी राजदरबारातील स्त्रियांच्या रोजनिशींचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९२०मध्ये प्रसिद्ध झाला. १९४१मध्ये त्यांचे निधन झाले. एनएचके या जपानी दूरचित्रवाणी संस्थेच्या २०१९मधील ‘इदातेन’ या मालिकेत स्टॉकहोमचा प्रवास दाखविला असून ओमोरींची भूमिका युताका ताकेनोउची यांनी केली आहे.