खिळे घासणारे हात

शिसे स्वभावाने मऊ. नखाने ओरखडा उठतो आणि ३२७ अंश सेल्सिअसला ते वितळते, म्हणजे कोळशाच्या शेगडीवरही पातळ होते. त्यामुळे रिव्हॉल्वरची गोळी आणि छापखान्याचा खिळा या दोन अगदी निराळ्या कामाच्या वस्तू एकाच धातूतून आणि जवळजवळ एकाच रीतीने ओतल्या जात. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांच्या कर्तबगारीची सुरुवात याच शिशापासून झाली, आणि तीही त्यातल्या सर्वांत धोक्याच्या कामापासून. तो धोका त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नसता, कारण ते काम दिसायला सर्वांत सोपे होते.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत, गरीब घरात झाला. शाळा फारशी घडली नाही. दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर नोकरीला लागले. काम होते खिळे घासण्याचे.

हाताने खिळा तयार करण्याची रीत अशी होती. पोलादाच्या कांडीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटे कोरी. हा ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तिथे अक्षराचा खोलगट सुलटा ठसा उमटे. तो तुकडा साच्याच्या तळाशी बसवायचा, वरून पळीने वितळलेला धातू ओतायचा आणि साच्याला झटका द्यायचा, म्हणजे धातू अक्षराच्या कानाकोपऱ्यांत शिरतो. क्षणात तो घट्ट होतो. साचा उघडला की खिळा बाहेर पडे, पण त्याच्या बुडाशी धातूची शेपटी आणि कडांना फाटे राहत. शेपटी मोडायची आणि खिळ्याच्या बाजू दगडावर घासून सपाट करायच्या. एक खिळा केसभर जाड राहिला तरी अख्खी ओळ वाकडी छापली जाते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत. एवढे खिळे घासायला लहान मुलांची बोटे उपयोगी पडत.

रिव्हॉल्वरची गोळी हीच वाट चाले. १८५०च्या दशकात कोल्ट आणि ॲडम्स यांच्या रिव्हॉल्वरच्या पेटीत गोळ्या ओतण्याचा चिमट्यासारखा लहान साचा दिलेला असे. मालकाने शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, शेपटी कापायची. साचा थंड असला तर पहिल्या काही गोळ्या सुरकुतलेल्या निघत. त्या पुन्हा भांड्यात टाकायच्या. जुनी रिव्हॉल्वर जपणारे परदेशातले हौशी लोक आजही याच रीतीने गोळ्या ओततात. गोळी कठीण हवी असेल तर जुने छापखान्याचे खिळेही त्यात वितळवतात.

कारण खिळ्याचे शिसे शुद्ध नसते. नुसत्या शिशाचा खिळा छापयंत्राच्या दाबाखाली चेपला जाईल. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीने कठीणपणा येतो आणि थंड होताना धातू फार आकसत नाही, त्यामुळे अक्षराची कड धारदार उठते. कथिलाने रस पातळ होतो आणि साच्याच्या बारीक रेषांत नीट शिरतो. गंमत अशी, की एकटे अँटिमनी वितळायला ६३१ अंश लागतात, पण १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील आणि बाकी शिसे असे मिश्रण २४० अंशांच्या आसपासच, म्हणजे नुसत्या शिशाच्याही आधी वितळते.

हे शास्त्र जावजी पुस्तकातून शिकले नाहीत. मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्यासारखा अक्षरांचा जाणकार होता. तिथे पाहत पाहत जावजी घासणाऱ्याचे ओतणारे झाले. मुंबईतल्या दुसऱ्या छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ साली स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. ठसे कोरण्यात निष्णात असलेले त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू सोबतीला होते. आरूंनी कोरायचे आणि जावजींनी ओतायचे, या जोडीतून देवनागरीला देखणे वळण मिळाले. १८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्याच वर्षी, बोरघाटाच्या पलीकडे मावळ ओलांडून पुण्याजवळ खडकीला, सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. निर्णयसागरचे पंचांग घराघरांत गेले. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेने संस्कृत काव्ये शुद्ध आणि सुबक छापून देशभर पोचवली. १८९२ साली जावजी वारले, तेव्हा निर्णयसागर हे नाव म्हणजे चोख छपाई असा लौकिक झाला होता.

आता पुन्हा त्या घासणाऱ्या मुलाकडे वळू. ओतशाळेत पाहणाऱ्याला भीती वाटते ती भट्टीची. भाजण्याचा धोका तिथे असतोच. पण खिळे ओतण्याच्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी उठत नाही. धातू जास्त तापवला, पाचशे अंशांच्या पुढे नेला, की ती वाढते. रोजचे विष येते ते वरच्या मळीतून आणि घासताना उडणाऱ्या भुकटीतून. ही भुकटी श्वासात जाते, बोटांना चिकटते आणि बोटांवरून भाकरीला लागते.

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी लंडनच्या छापखान्यात खिळे जुळवीत. थंडीत खिळे शेकोटीपाशी गरम करून काम केले की त्यांचे हात दुखत. धूर बाधतो का, असे त्यांनी एका नावाजलेल्या खिळे ओतणाऱ्याला विचारले. त्याने धुराला दोष दिला नाही. त्याच्या मते, जे कामगार हात नीट न धुता न्याहारीला बसतात, त्यांच्या पोटात पावाबरोबर धातूचे कण जातात आणि तेच आजारी पडतात. फ्रँकलिन यांनी १७८६ साली एका मित्राला पत्रात हे कळवले. धुराची त्यांची भीती मात्र पुरती गेली नव्हती, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

१८४० साली लंडनचे डॉक्टर हेन्री बर्टन यांनी शिशाची बाधा झालेल्यांच्या हिरड्यांवर दिसणारी निळसर रेघ नोंदवली. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, मनगट लुळे पडणे ही पुढची लक्षणे. पण रेघ दिसेपर्यंत पुष्कळ शिसे अंगात मुरलेले असते. जावजी खिळे घासत होते तेव्हा रक्तातले शिसे मोजण्याची चाचणीच नव्हती. आज माहीत आहे, की लहान मुलाच्या आतड्यात मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषले जाते. मेंदू घडत असतो त्याच वयात ते त्याला बाधते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, तिथे ते वीस-तीस वर्षे राहते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोचते. शिशाचे निर्धोक असे प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खिळ्यांचा जमाना संपला. २००० साली देशभर पेट्रोलमधूनही शिसे गेले. पण जुन्या बॅटऱ्या फोडणे, मासेमारीच्या जाळ्याला लावायची वजने ओतणे, बंद खोलीत नेमबाजी करणे, या कामांत ते अजून आहे. उपाय साधे आहेत. शिशाचे भांडे स्वयंपाकघरात नको. कामाच्या जागी खाणेपिणे आणि विडी-तंबाखू नको. भुकटी कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे तिथेच बदलावेत आणि ते घरच्या कपड्यांत धुवू नयेत. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना तिथे फिरकूही देऊ नये. असे काम नेहमी करणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातले शिसे तपासून घ्यावे.

दोन रुपयांच्या नोकरीतून जावजींनी एवढा मोठा छापखाना उभारला, हे कौतुक खरेच. पण दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते काम पडायला नको होते, हेही तितकेच खरे. त्यांच्या खिळ्यांनी छापलेले जुने पुस्तक घरात असेल, तर त्यातली सरळ ओळ पाहताना ती कोणाच्या बोटांनी घासून सरळ केली, एवढे आठवावे.