प्रथिनांची वंशावळ लिहिणाऱ्या मार्गारेट

१९६५ साली अमेरिकेत एक विलक्षण पुस्तक निघाले. त्यात नुसत्या याद्या होत्या, ६५ प्रथिनांच्या घडणीच्या. मात्र सजीवांच्या नात्यागोत्याचा शोध घेणाऱ्यांच्या हाती या याद्यांनी जणू कुळांची चोपडीच दिली. ही चोपडी सिद्ध करण्यात पुढाकार होता मार्गारेट डेहॉफ यांचा.

११ मार्च १९२५ रोजी फिलाडेल्फियात जन्मलेल्या मार्गारेट न्यूयॉर्कमध्ये वाढल्या. गणितात पदवी घेऊन १९४८ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. रेणूंची किचकट गणिते त्यांनी तेव्हाच भोके पाडलेल्या कार्डांच्या यंत्रांवर सोडवली होती. त्याच वर्षी एका भौतिकशास्त्रज्ञाशी लग्न झाले. पुढे दोन मुलींच्या संगोपनासाठी काही वर्षे काम बाजूला राहिले. १९६० मध्ये त्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशनमध्ये रुजू झाल्या आणि आयुष्याचे काम त्यांना सापडले.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. मणी म्हणजे अमिनो आम्ले. पेशीतील श्वसनाला लागणाऱ्या सायटोक्रोम-सी या प्रथिनाची माणसाची माळ १०४ मण्यांची. चिंपांझीची माळ हुबेहूब तशीच. घोड्याच्या माळेत १२ मणी निराळे. फरक जितका कमी, तितके नाते जवळचे. पण त्यासाठी माळा एकत्र हव्यात, आणि त्या तर निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेल्या!

मार्गारेटबाईंनी सहकाऱ्यांसह त्या वेचल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या, चुका निपटल्या. कार्डावरची जागा वाचावी म्हणून प्रत्येक मण्याला एकाच अक्षराची खूण दिली. ही लिपी आजही जगभर चालते. संगणकाकडून वंशवृक्ष काढून घेण्याची पद्धतही त्यांनी आणि रिचर्ड एक यांनी घडवली. कोणता मणी कोणत्या मण्याच्या जागी किती सहज येतो, याची त्यांनी मांडलेली कोष्टके १९७८ पासून संशोधकांच्या रोजच्या वापरात आली.

तरी मार्ग सुकर नव्हता. गोळा करणे म्हणजे संशोधन नव्हे, असे मानणारे पुष्कळ होते. अनुदानासाठी झगडावे लागे. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपून शोधलेली माळ छापून येण्याआधी दुसऱ्याच्या हाती द्यायला संशोधक कचरत. संग्रह चालवायचा तर खर्च भागवायला हवा, म्हणून पुस्तक विकले जाई. दिलेली माहिती संस्था स्वतःची मालमत्ता समजते, असा काहींचा आक्षेप होता. १९८० मध्ये त्यांनी डीएनएचा संग्रह टेलिफोनच्या तारेवरून संगणकांना खुला केला. पण १९८२ मध्ये सरकारी ‘जेनबँक’चे काम मिळाले ते लॉस अलामॉसच्या गटाला. माहिती सर्वांसाठी मोकळी ठेवण्याची त्या गटाची तयारी, हे त्यामागचे एक कारण होते.

जिने सर्वांचे एकत्र केले, तिलाच ते सर्वांचे कसे राहील याचे उत्तर पूर्णपणे सापडले नाही. दोष एकट्या तिचा नव्हे. सामाईक विहिरीचे पाणी सगळे भरतात, गाळ उपसायची पाळी आली की माणसे कमी पडतात.

५ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहातून उभा राहिलेला प्रथिनांचा माहितीकोश २००२ मध्ये ‘युनिप्रॉट’ या जागतिक कोशात सामील झाला. तो आज कुणालाही विनामूल्य पाहता येतो. चोपडी अखेर गावाची झाली.