काळोख्या खोलीतले दादासाहेब

लालबागहून कॉलेजला चालत येताना दादर पूर्वेला मी ज्या रस्त्याने वळतो, त्याचे नाव दादासाहेब फाळके मार्ग. पहिले वर्षभर मी त्या पाटीकडे मान वर करून पाहिलेसुद्धा नव्हते. फाळके म्हणजे सिनेमावाल्यांना मिळणारे एक मोठे पारितोषिक, एवढीच माझी समजूत. ती समजूत बदलली ती एका जुन्या कॅमेऱ्यामुळे.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना आमच्या खोलीच्या पोटमाळ्यावर आजोबांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री सापडला. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. कॅमेरा तेवढा राहिला, कारण त्याचे कोणी काही देईना. आता मोबाईलच्या जमान्यात हौशी मुले पुन्हा रोलचे कॅमेरे गळ्यात घालून हिंडू लागली आहेत. ज्या कोडॅक कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तिच्याच रोलला पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. पेंटॅक्सने तर २०२४ साली रोलवर चालणारा नवा कोरा कॅमेरा बाजारात आणला. मलाही मोह झाला. मी एक रोल आणला. फोटो फक्त बारा! रोल आणि तो धुण्याची मजुरी मिळून आईची चार दिवसांची कमाई गेली. आई पोळ्या लाटून देते. मी तिला खरी किंमत सांगितली नाही. रोल धुऊन आला तेव्हा बारापैकी सात फोटो उमटले होते. उरलेले पाच का गेले याचा शोध घेण्यासाठी मी ग्रंथालयात गेलो, आणि तिथे मला फाळके भेटले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईत आले. भिक्षुकीच्या घरातल्या या मुलाला ओढ लागली ती रंगांची. १८८५ साली तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, असे जे जे शिकता येईल ते ते तो शिकत गेला. रतलामला जाऊन तिरंगी ठसे करण्याची विद्या घेतली. जादूचे प्रयोगही शिकला. आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ करू लागला!

गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. पण १९०० च्या सुमारास प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल दोन्ही नेले. बडोद्याला परत येऊन पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटते, अशी लोकांची समजूत, गिऱ्हाईक फिरकेना. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई. पुढे पुराणवस्तू खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्यास छापखाना, मग दादर, मग भागीदारी, यंत्रांसाठी जर्मनीची वारी, आणि शेवटी भागीदाराशी मतभेद होऊन सारेच सोडून देणे. चाळिशी उलटली तरी हा गृहस्थ कुठे टिकला नाही, असेच शेजारीपाजारी म्हणत असतील. आमच्या चाळीत तरी नक्कीच म्हटले असते.

अशा रिकाम्या दिवसांत, १९११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण चालू लागले होते. ते पत्नीलाही तो खेळ दाखवायला घेऊन गेले. त्यानंतर जवळजवळ रोज सिनेमा पाहणे, घरी मेणबत्ती आणि भिंग घेऊन फिल्मचे तुकडे भिंतीवर पाडून पाहणे, पुस्तके वाचणे, झोप जवळजवळ नाहीच. या ध्यासात डोळे बिघडून काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, आणि बरे होताच त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. तिथे बायोस्कोप पत्राचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. काम पाहून, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी करून, कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवून ते एप्रिलच्या आरंभी परत आले.

आता पैसे कोण देणार? त्यासाठी त्यांनी जे केले ते मला त्यांच्या साऱ्या आयुष्यात फार मोठे वाटते. त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. मग ती फिल्म सलग दाखवली, तर बी फुटून वेल भराभर वर चढताना दिसला! महिन्याची वाढ मिनिटभरात. ते पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला. मोबाईलमध्ये हे आता एक बटण दाबून होते. पण फाळक्यांना त्यातले एकही चित्र फिल्म धुवेपर्यंत दिसणार नव्हते. एक दिवस चुकला तर महिना फुकट. न दिसणाऱ्या गोष्टीवर इतके दिवस विश्वास ठेवणे मला बारा फोटोंनासुद्धा जमले नव्हते.

दादरच्या याच रस्त्यावर, मथुरा भवनात, ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. बाईच्या कामाला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीतला आचारी अण्णा साळुंके तारामती झाला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. दिवसा सूर्यप्रकाशात चित्रण चाले. रात्री खरे काम सुरू होई. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. ती काळोखात यंत्राने पाडावी लागत, आणि अंतर जरा चुकले की पडद्यावर चित्र उड्या मारणार. हे काम सरस्वतीबाई करीत. रसायने कालवणे, फिल्म धुणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, आणि हे सारे साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून! अंगावरचे दागिनेही त्यांनी दिले.

सुमारे सात महिन्यांनी ३,७०० फुटांचा चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. याच्याही आधी, १८९९ मध्ये सावेदादा भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली होती, आणि १९१२ मध्ये तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ कॉरोनेशनलाच लागला होता. म्हणून पहिला मान कोणाचा, हा वाद आहे. परंतु ‘पुंडलिक’ हे नाटकाचे चित्रण, तेही इंग्रज कॅमेरामनने केलेले आणि विलायतेत धुतलेले. लेखनापासून फिल्म धुण्यापर्यंत सारे आपल्या घरात केले ते फाळक्यांनीच, हे कोणालाही मान्य व्हावे.

पुढचा काळ वैभवाचा. नाशकास स्थलांतर, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकींचा पडद्यावर प्रवेश, १९१७ चा ‘लंकादहन’, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी. मग भागीदारांशी न पटणे, काशीला जाऊन बसणे, परत येणे. बोलपट आला आणि मूकपटाचा हा जादूगार मागे पडला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, विस्मृतीत आणि ओढगस्तीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले १९६९ मध्ये. त्यांच्या शंभराच्या आसपास चित्रपटांपैकी आज फार थोडे, तेही तुकड्यातुकड्यांनी, शिल्लक आहेत. जुनी नायट्रेटची फिल्म आपोआप कुजते आणि चटकन पेट घेते.

हे सारे वाचताना माझे मन फिरून फिरून त्या काळोख्या खोलीकडे जात राहिले. पारितोषिक दादासाहेबांच्या नावाचे, रस्ता दादासाहेबांच्या नावाचा; ते योग्यच. पण भोके पाडणारे हात दुसऱ्याचे होते. आणि एक फरक मला विशेष टोचला. सरस्वतीबाईंना सारे ठाऊक होते. पॉलिसी गहाण पडली ती, दागिने गेले ते, पैसा कुठे जातो आहे ते. त्या संसारात खर्च होता, पण चोरी नव्हती.

त्या रात्री मी आईला रोलची खरी किंमत सांगितली. ती रागावेल असे वाटले होते, रागावली नाही. हातातले लाटणे न थांबवता तिने एवढेच विचारले की, त्यात तिचा फोटो आहे का. मी सातही फोटो डोळ्यांपुढे आणले. गणेश गल्ली होती, गिरणीची चिमणी होती, मित्र होते, समुद्र होता. जे पाच उमटले नाहीत, त्यांतही ती नव्हती.

आता मी दोन मुलांची शिकवणी धरली आहे. दुसरा रोल माझ्या पैशांचा असेल. आमच्या खोलीत उजेड कमी, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास, ऊन दारापर्यंत येते तेव्हा, पोळपाट उंबऱ्याशी घेऊन बसायला आईने कबूल केले आहे. पांढरी चादर माझी बहीण धरणार आहे.

काळोखात काम करून लोकांना उजेडातले चित्र दाखवणाऱ्या दादासाहेब फाळके आणि सरस्वतीबाई या दोघांनाही माझे विनम्र अभिवादन.