वायफायचा पासवर्ड, तुमचा लॅपटॉप आणि हेडी लमार



गेल्या महिन्यात आमच्या घरी रात्री साडेदहाला एक गोंधळ झाला. मामेबहीण राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिची ऑनलाइन प्रवेश परीक्षा. परीक्षेचं सॉफ्टवेअर तिच्याच लॅपटॉपवर टाकलेलं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या मशीनवर बसून चालणार नव्हतं. तिने वायफायचा पासवर्ड विचारला आणि घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

बाबांनी दोन वर्षांपूर्वी पासवर्ड बदलला होता. तो एका डायरीत लिहिला होता म्हणे, पण डायरी काही सापडेना. राउटरच्या मागच्या स्टिकरवर जुनाच पासवर्ड. हॉटस्पॉट द्यावा तर आमच्या घरात मोबाईलला जेमतेम एक कांडी रेंज. शेवटी काका राउटरचं रिसेटचं बटण दाबायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. रिसेट केलं की पासवर्डसोबत इंटरनेट कनेक्शनची सेटिंगही पुसली जाऊ शकते. मग रात्री अकराला फोन कोणाला करणार?

तेवढ्यात डोक्यात आलं, माझा लॅपटॉप तर रोज आपोआप कनेक्ट होतो. म्हणजे पासवर्ड त्याच्याकडे आहे! दोन मिनिटांत सापडला. आजीचं माहेरचं आडनाव आणि पुढे चार आकडे. (आता तो बदललाय, त्यामुळे कोणी प्रयत्न करू नका.)

तो कसा काढला ते खाली सांगतोच. पण लॅपटॉप पासवर्ड वापरून विसरून का जात नाही, जपून का ठेवतो, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. त्याचं उत्तर नीट समजलं ते एका बाईच्या आयुष्यामुळे. तिला नेटवर वायफायची आई म्हणतात. हे म्हणणं किती खरं, किती खोटं, तेही आज बघू.

व्हिएन्नाची मुलगी

हेडी लमारचा जन्म 9 नोव्हेंबर 1914 चा, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातला. मूळ नाव हेडविग किस्लर. वडील बँकेत मोठ्या पदावर, आई पियानो वाजवणारी. दोघंही ज्यू घरांतले. वडील तिला फिरायला न्यायचे आणि वाटेत ट्राम कशी चालते, छपाईचं मशीन कसं काम करतं ते समजावून सांगायचे. पाच वर्षांची असताना तिने एक म्युझिक बॉक्स पूर्ण खोलून पुन्हा जोडला होता असं सांगतात. आपण जुना फोन खोलून बघतो ना, तसंच.

पण तिचं नाव झालं ते दिसण्यामुळे. शाळा सोडून ती सिनेमात गेली. 1933 मध्ये एक्स्टसी नावाचा सिनेमा आला आणि त्यातल्या उघड्या दृश्यांमुळे युरोपभर गवगवा झाला. तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. त्या एका सिनेमाचा शिक्का तिच्यावर जन्मभर राहिला.

त्याच वर्षी तिने फ्रिट्झ मांडल नावाच्या श्रीमंत माणसाशी लग्न केलं. हा शस्त्रं बनवून विकायचा. लग्नानंतर त्याने तिचं सिनेमात काम करणं बंद केलं. घर राजवाड्यासारखं, पण तिच्यासाठी तो पिंजराच होता. घरी जेवायला लष्करी अधिकारी आणि शस्त्रांचे जाणकार यायचे. टेबलावर टॉर्पेडोच्या, रेडिओने शस्त्र चालवण्याच्या गप्पा व्हायच्या. ही सुंदर बायको शेजारी बसून ऐकतेय याची कोणाला फिकीर नव्हती. तिला काय कळणार, असंच त्यांना वाटत असावं.

1937 मध्ये ती तिथून निसटली. कशी निसटली याच्या दोन-तीन वेगवेगळ्या कहाण्या आहेत, त्यामुळे त्यात पडत नाही. ती लंडनला पोहोचली. तिथे हॉलिवूडचे मोठे निर्माते लुई मेयर भेटले. त्यांनी देऊ केलेले पैसे तिला कमी वाटले, तिने नाही म्हटलं. मग मेयर ज्या जहाजाने अमेरिकेला परत निघाले होते त्याच जहाजावर तिने तिकीट काढलं आणि किनारा येईपर्यंत कितीतरी चांगला करार पदरात पाडून घेतला. नवीन नावही मिळालं, हेडी लमार. 1938 मध्ये अल्जीअर्स सिनेमा लागला आणि ती स्टार झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता. परतीचा रस्ता बंद.

कागदाच्या दोन गुंडाळ्या

1940 साल. युरोपात युद्ध पेटलेलं. सप्टेंबरमध्ये जर्मन पाणबुडीने सिटी ऑफ बनारस नावाचं जहाज अटलांटिक महासागरात बुडवलं. त्यात इंग्लंडहून कॅनडाला सुरक्षित ठिकाणी पाठवलेली 77 मुलं गेली. याच सुमारास हेडी एका प्रश्नामागे लागली. पाणबुडीवर सोडलेला टॉर्पेडो रेडिओने वळवता आला तर तो नेम चुकणार नाही. पण अडचण अशी की रेडिओ सगळ्यांनाच ऐकू येतो. शत्रूने तुमची फ्रिक्वेन्सी शोधली आणि तिथे नुसता गोंगाट सोडला, की टॉर्पेडो बहिरा. यालाच जॅमिंग म्हणतात.

तिची आयडिया साधी होती. एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबायचंच नाही! सारखी उडी मारत राहायचं. जहाज आणि टॉर्पेडो दोघांनी एकाच क्षणी, एकाच क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलायची. क्रम ज्याला माहीत नाही त्याला फक्त तुटक आवाज येणार.

आपल्या ढोल-ताशा पथकाचं बघा. कुठल्या तालानंतर कुठला ताल हे सगळ्यांना आधीच पाठ असतं, म्हणून शंभर ढोल एकदम बदलतात. बाहेरचा माणूस ढोल घेऊन मध्ये घुसला तर दुसऱ्याच वळणावर चुकतो.

पण मशीनला ताल पाठ कसा करायचा? इथे जॉर्ज अँथेल आला. हा संगीतकार. त्याने आपोआप वाजणाऱ्या पियानोंसाठी संगीत रचलं होतं. त्या पियानोत कागदाची लांब गुंडाळी फिरते, कागदावर भोकं असतात आणि भोक आलं की ती पट्टी वाजते. दोघांनी तेच वापरलं. एक गुंडाळी जहाजावर, अगदी तशीच दुसरी टॉर्पेडोत. दोन्ही एकाच वेळी सुरू करायच्या आणि एकाच वेगाने फिरवायच्या. पियानोला 88 पट्ट्या असतात, म्हणून 88 फ्रिक्वेन्सीपर्यंत जाता येईल असं त्यांनी लिहिलं. सर्किटच्या कामात एका प्राध्यापकांची मदत घेतली. जून 1941 मध्ये अर्ज केला आणि 11 ऑगस्ट 1942 ला पेटंट मिळालं. नंबर 2292387. विषय, गुप्त संदेशवहनाची पद्धत.

पेटंटवर नाव होतं हेडी किस्लर मार्की. मार्की हे तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव, तेव्हा तो संसारही संपलेला. लमार हे नाव कुठेच नाही. पुढे कोणी इंजिनिअरने ते पेटंट वाचलं तरी ही पडद्यावरची हेडी लमार आहे हे त्याला कळणं अवघड.

अमेरिकन नौदलाने ही कल्पना वापरली नाही. गंमत बघा, टॉर्पेडोत पियानो कसा बसवणार असं त्यांना वाटलं असावं, असं अँथेल पुढे सांगायचा. हेडीला मात्र युद्धासाठी पैसे उभे करायला फिरवलं. तिने सरकारचे युद्ध रोखे विकले आणि खूप विकले. चेहरा कामाला आला, डोकं फाईलमध्ये राहिलं. 1959 मध्ये पेटंटची मुदत संपली, त्याच वर्षी अँथेल वारला. तोपर्यंत दोघांनाही त्यातून एक पैसा मिळाला नव्हता.

मग ती वायफायची आई आहे का?

इथे खरं सांगायला हवं. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याचा विचार तिच्या आधीही काही इंजिनिअरांनी मांडला होता. 1997 मध्ये वायफायचं पहिलं स्टँडर्ड आलं, त्यात अशा उड्या मारणं हा एक पर्याय होता. पण नंतरच्या वायफायने दुसरी पद्धत घेतली. त्यामुळे तुमच्या घरचा राउटर हेडीच्या पद्धतीने चालत नाही. ब्लूटूथ मात्र त्या पद्धतीच्या खूप जवळ आहे. गाणी ऐकायचं नेहमीचं ब्लूटूथ 79 चॅनलवर सेकंदाला 1600 वेळा उडी मारतं. म्हणजे वायफायची आई म्हणणं जरा जास्तच झालं, पण तुमच्या कानातल्या इअरबड्सशी तिचं नातं आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या दोन गुंडाळ्यांतच होतं. हवेतून जाणारं सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून गुपित दोन्ही टोकांना आधीच ठेवावं लागतं. वायफायचा पासवर्डही तसाच. राउटरकडे एक प्रत, तुमच्या लॅपटॉपकडे दुसरी. कनेक्ट होताना पासवर्ड हवेतून पाठवला जातच नाही. दोघंही पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव मिळून आपापल्या जागी एक किल्ली बनवतात आणि एकमेकांना कोडं घालून समोरच्याकडे तीच किल्ली आहे का ते तपासतात. हे प्रत्येक वेळी करायचं, तर लॅपटॉपला आपली गुंडाळी जपून ठेवावीच लागते.

तर ती गुंडाळी बाहेर कशी काढायची?

विंडोज 11 असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडा, मग वायफाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स. तुमच्या नेटवर्कच्या नावावर क्लिक करा. खाली व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की असं दिसेल, तिथलं व्ह्यू दाबा.

विंडोज 10 असेल तर आधी त्या वायफायला कनेक्ट व्हा. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडा, वायफायच्या नावावर क्लिक करा, वायरलेस प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी टॅब. तिथे शो कॅरेक्टर्सच्या चौकोनात टिक केलं की ठिपक्यांच्या जागी पासवर्ड दिसतो. कॉम्प्युटर ॲडमिनची परवानगी मागेल.

लॅपटॉप नसेल आणि अँड्रॉइड 10 किंवा पुढचा फोन जोडलेला असेल, तर वायफायच्या सेटिंगमध्ये नेटवर्क उघडून शेअर दाबा. फिंगरप्रिंट किंवा पिन मागून क्यूआर कोड येतो, आणि बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्डही असतो.

आता महत्त्वाचं. जे मला दोन मिनिटांत दिसलं, ते माझ्या उघड्या लॅपटॉपसमोर बसणाऱ्या कोणालाही दिसू शकतं. म्हणून उठताना स्क्रीन लॉक करा. लॅपटॉप विकायच्या आधी तो पूर्ण रिसेट करा, नाहीतर घरची गुंडाळी दुसऱ्याच्या हातात जाईल. आणि हे सगळं फक्त स्वतःच्या कॉम्प्युटरवर. मित्राच्या घरचा पासवर्ड मित्रालाच विचारा.

शेवट

हेडीची शेवटची वर्षं एकटेपणात गेली. सहा लग्नं झाली, सगळी मोडली. ती फ्लोरिडात राहायची, लोकांना भेटणं टाळायची, तासन् तास फोनवर बोलायची. 1997 मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तिला आणि अँथेलला सन्मान दिला. तेव्हा ती 82 वर्षांची होती. तो घ्यायला ती गेली नाही, मुलाने तिच्या वतीने घेतला. 19 जानेवारी 2000 ला ती गेली. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव आलं ते 2014 मध्ये, तिच्या जन्मशताब्दीच्या वर्षात.

तिचं काम कधी हरवलं नव्हतं. पेटंट ऑफिसात नंबरासकट ठेवलेलं होतं, फक्त कोणी उघडून बघत नव्हतं.

बहिणीची परीक्षा नीट पार पडली. पेपर संपल्यावर तिने विचारलं, पासवर्डमधलं ते आडनाव कोणाचं? आजीचं माहेरचं आडनाव तिला माहीतच नव्हतं. खरं सांगायचं तर, त्या रात्रीपर्यंत मलाही नव्हतं.