लिओ बेकलँड: ठिसूळ राळेला चिवट करणारा रसायनशास्त्रज्ञ

जुन्या घरातला काळा, गोल, टक्क आवाज करणारा स्विच आठवतो? तो बहुधा बॅकेलाइटचा असायचा. ते शोधणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

लिओ बेकलँड यांचा जन्म १८६३ मध्ये बेल्जियममधील गेंट शहरात झाला. वडील चपला-बूट शिवायचे. लिओ मात्र शिष्यवृत्तीवर शिकले आणि एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. आपल्या प्राध्यापकांच्या मुलीशी, सेलिनशी लग्न करून ते १८८९ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथेच राहिले. तिथे त्यांनी 'व्हेलॉक्स' हा फोटोचा कागद तयार केला. १८९९ मध्ये तो धंदा जॉर्ज ईस्टमन यांना विकून ते श्रीमंत झाले.

आता आरामात जगता आले असते. पण त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये घरीच प्रयोगशाळा थाटली. त्या काळी विजेच्या उपकरणांना लाख लागायची आणि ती मुख्यतः भारतातून जायची. आपल्या विदर्भात दिसणाऱ्या पळसासारख्या झाडांवरचे किडे ती तयार करतात. मागणी वाढली, पण किडे त्यांच्याच गतीने काम करणार!

लाखेला पर्याय म्हणून बेकलँड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केले. त्यांच्याआधी अनेकांनी हे केले होते, पण हाती यायचा तो फेसाळ, निरुपयोगी गोळा. बेकलँड यांनी उष्णतेबरोबर दाबही वापरला आणि १९०७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला.

तरी एक अडचण उरली. नुसती राळ कडक होती, पण ठिसूळ. म्हणून तिच्यात लाकडाचे बारीक पीठ मिसळले जाऊ लागले. त्याचे तंतू तड्याची वाट अडवतात, त्यामुळे वस्तू सहज फुटत नाही. टेलिफोन, रेडिओ, कुकरची मूठ असे कितीतरी काही मग बॅकेलाइटचे झाले.

१९३९ मध्ये त्यांनी कंपनी युनियन कार्बाइडला विकली. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर आलेल्या इपॉक्सीलाही ठिसूळपणाचे तेच दुखणे होते. तिथे उपाय ठरला रबर. इपॉक्सीत रबराचे डोळ्यांना न दिसणारे कण विखुरलेले असतात. तडा जवळ आला की हे कण ताणतात, आतून पोकळ होतात आणि भोवतालची राळ तुटण्याआधी थोडी वाकते. त्यात तड्याचा जोर खर्ची पडतो. मोटारीचे पत्रे जोडणाऱ्या गोंदात आज हीच युक्ती वापरतात.

म्हणजे कडक असणे पुरेसे नाही. टिकायचे तर थोडे मऊही सोबत हवे.