पोलादी तारेवरचा पोल्सन

युनिक्स लॅबमध्ये 'टार' ही कमांड आपण सगळेच मारतो. फाइलींचं गाठोडं बांधायचं, झालं काम! पण त्यातला 'टी' टेपचा, हे किती जणांना ठाऊक असतं? 'टेप आर्काइव्ह'चं ते लघुरूप. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून चालत आलेलं. आणि त्या टेपच्या मुळाशी जो माणूस आहे त्याचं नाव व्हाल्डेमार पोल्सन. (सरांना लावतात तो लोण्याचा पोल्सन वेगळा, बरं का!)

हा डेन्मार्कचा. जन्म कोपनहेगनला, २३ नोव्हेंबर १८६९. वडील न्यायाधीश. पोरगा विद्यापीठात विज्ञान शिकायला गेला, पण पदवी न घेताच बाहेर पडला आणि कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तंत्रज्ञ म्हणून चिकटला. तिथं त्याच्या डोक्यात किडा शिरला : फोनवरचं बोलणं हवेत विरून जातं, ते धरून ठेवता येईल का?

त्यानं पियानोची पोलादी तार ताणून बांधली. मायक्रोफोनला जोडलेला विद्युतचुंबक बोलता बोलता तारेवरून सरकवत नेला. मग मायक्रोफोन काढून फोनचा रिसीव्हर जोडला आणि चुंबक पुन्हा पहिल्यापासून फिरवला. तार बोलली! खरं तर अमेरिकेच्या ओबर्लिन स्मिथनं ही कल्पना १८८८ मध्येच छापली होती, पण चालतं यंत्र करून दाखवलं ते पोल्सननं. १८९८ मध्ये पेटंट घेतलं, नाव ठेवलं टेलिग्राफोन. फोनोग्राफची सुई मेण झिजवायची; इथं झीज जवळजवळ नाहीच, वर जुना आवाज पुसून त्याच तारेवर नवा भरता यायचा.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला मोठं पारितोषिक मिळालं. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ त्या यंत्रापुढे बोलून गेला. जगातलं सर्वांत जुनं टिकून राहिलेलं चुंबकीय ध्वनिमुद्रण ते हेच.

पण धंदा काही जमला नाही. आवाज इतका क्षीण की रिसीव्हर कानाला लावूनच ऐकायचा. तेव्हा अॅम्प्लिफायर होता कुठे? १९०३ मध्ये अमेरिकेत कंपनी निघाली, तीही रखडत रखडत बुडाली. पोल्सन तोवर रेडिओकडे वळला होता. त्याच्या आर्क ट्रान्समीटरनं मात्र नाव काढलं, अमेरिकन नौदलानंही तो वापरला.

१९२८ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरनं कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देऊन टेप बनवली. १९३६ मध्ये तिथल्या कोर्टानं ठरवलं की यातली मूळ कल्पना पोल्सनच्या जुन्या पेटंटमध्ये आहेच. म्हाताऱ्याला त्यातून पैसा मिळणार नव्हता, पेटंटची मुदत कधीच संपली होती. १९४२ मध्ये, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना तो गेला. पुढे १९५१ च्या युनिव्हॅक संगणकात माहिती साठवायला धातूची टेप आली, १९५२ मध्ये आयबीएमची प्लॅस्टिकची.

आता आपल्या कामाचं. लिनक्सवर टेप ड्राइव्ह जोडला की त्याची दोन नावं दिसतात : 'एसटी झीरो' आणि 'एनएसटी झीरो'. ड्राइव्ह एकच, वागणूक वेगळी. पहिली म्हणजे प्रत्येक फेरीनंतर डेपोत परतणारी एसटी : काम संपलं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसरी मुक्कामाची गाडी, जिथं थांबली तिथंच राहते. सोमवारचा बॅकअप पहिल्या नावानं घेतला आणि मंगळवारचा त्याच नावानं त्याच टेपवर टाकला, की सोमवारचा गेला. एररही येत नाही, कारण ड्राइव्हच्या दृष्टीनं सगळं बरोबरच असतं. पुसून पुन्हा लिहिता येण्याची पोल्सनची ती सोय इथं अशी अंगाशी येते. म्हणून एकामागून एक बॅकअप ठेवायचे तर 'एनएसटी' वापरा, पुढेमागे जायला 'एमटी' कमांड आहे. आणि काम झालं की टेप गुंडाळून 'टार'च्या 'टी' पर्यायानं यादी वाचून बघा. तारेवरून चुंबक पुन्हा पहिल्यापासून फिरवून पोल्सननं तेच केलं होतं.